फोन तुमचा, मुदतवाढ आमची

कार्यालयातल्या फोनचे अपडेट ही तांत्रिक बाब आहे, असा एक गैरसमज आहे. ती शुद्ध प्रशासकीय बाब आहे, आणि प्रशासनात आपला हात धरणारा कोणी नाही. नवी आवृत्ती आल्याची सूचना पडद्यावर येते, खाली दोन पर्याय असतात: आत्ता किंवा नंतर. यातला पहिला केवळ शोभेसाठी ठेवला आहे, हे कळायला आपल्याकडे प्रशिक्षण लागत नाही. आश्चर्य एवढेच, की परदेशी कंपन्यांनीही इथे आपलीच री ओढली. कंपनीच्या ताब्यातल्या आयफोनवर नवे अपडेट जास्तीत जास्त 90 दिवस लपवून ठेवायची सोय अ‍ॅपलने व्यवस्थापकांना दिली आहे. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ या परंपरेच्या मानाने मुदत निम्मीच, पण सुरुवात म्हणून वाईट नाही. अँड्रॉइडने एरवी 30 दिवसच दिले. मात्र वर्षातला ठरावीक काळ अपडेट पार गोठवून टाकायची तरतूदही केली. एका वेळी 90 दिवसांपर्यंत, आणि दोन गोठवणुकींमध्ये किमान 60 दिवसांचे अंतर. म्हणजे चक्क आचारसंहिताच! ती उठल्यावर काहीतरी करायचे असते, एवढा भाग मात्र आपल्याला नवीन आहे.

ही मुदत ज्यांनी दिली त्यांच्या मनात वेगळेच होते. आधी दहा-वीस फोनवर अपडेट करायचे, हजेरीचे, विक्रीचे, वसुलीचे अ‍ॅप नीट उघडते का ते पाहायचे, मग टप्प्याटप्प्याने बाकीच्यांकडे जायचे. भीती खोटी नाही. सप्टेंबर 2014 मध्ये आलेल्या आयओएस 8.0.1 ने नव्याकोऱ्या आयफोन 6 चे नेटवर्क घालवले आणि बोटाचा ठसा ओळखणे बंद पाडले. अ‍ॅपलला ते त्याच दिवशी मागे घ्यावे लागले. 2017 च्या आयओएस 11 ने जुनी 32 बिटची सगळी अ‍ॅप एका फटक्यात निकालात काढली. फोनच्या पलीकडे पाहायचे तर 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक आडवे केले आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ‘अपडेट केले की बिघडते’ म्हणणाऱ्यांच्या हाती हा पुरावा आहे, आणि तो भक्कम आहे. पण त्यातून सिद्ध होते ते एवढेच, की आधी थोड्यांवर तपासावे. आपण मुदत घेतो आणि तपासणी वगळतो. 90 दिवस कोणीही काहीही उघडून पाहत नाही. एक्क्याण्णवाव्या दिवशी सगळ्या फोनांवर तेच अपडेट एकदम येऊन आदळते, वसुलीचे अ‍ॅप बसते, आणि मग ‘तरी आम्ही सांगत होतो’ हे वाक्य म्हणायला सगळे मोकळे.

दुसरा आक्षेप अधिक निरागस आहे. आमच्या फोनमध्ये चोरण्यासारखे आहे काय? ग्राहकांच्या आधार कार्डांचे फोटो, पॅन, रद्द केलेले धनादेश, आणि हे सगळे ज्यावर पडून आहे तो कार्यालयाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. याखेरीज खरोखरच काही नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्याला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, म्हणजे सरकारला तरी त्या फोटोंची किंमत कळलेली दिसते. यावर ‘आम्ही अनोळखी लिंक उघडतच नाही’ असे उत्तर येते. सप्टेंबर 2021 मध्ये अ‍ॅपलने आयओएस 14.8 काढून जे भगदाड बुजवले, त्यातून पेगासस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर आत शिरत असे ते नुसत्या आलेल्या संदेशातून. कुठेही बोट लावावे लागत नव्हते. एवढी महागडी हेरगिरी आपल्या शाखा कार्यालयावर कोणी करणार नाही, हे मान्य. पण दुरुस्ती जाहीर झाली की भगदाड कुठे होते हेही जाहीर होते. गुगल ऑगस्ट 2015 पासून अँड्रॉइडमधल्या अशा उणिवांची यादी दरमहा प्रसिद्ध करते. ती यादी भुरटे चोरही वाचतात. आपण वाचत नाही, कारण ती आवक नोंदवहीत चढलेली नसते.

आता खऱ्या कौशल्याकडे येऊ. कंपनीने फोन दिला तर तो कधी अपडेट करायचा हे कंपनीला ठरवावे लागते, म्हणजे चुकल्यास जाबही द्यावा लागतो. यावर तोडगा म्हणून कर्मचाऱ्याचा स्वतःचा फोन कामाला जुंपण्यात आला. अशा फोनवर कंपनी अपडेट लादू शकत नाही. फक्त आवृत्ती जुनी दिसली तर मेल बंद करू शकते. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस 24 ला सात वर्षे अपडेटचे वचन आहे, पण तो साहेबांच्या खिशात असतो. दुकानोदुकानी फिरणाऱ्या विक्री प्रतिनिधीच्या स्वस्त फोनकडे उत्पादकाने कधीच पाठ फिरवलेली असते. तो अपडेट करत नाही असे नाही. अपडेट येतच नाही. मग पत्र निघते, की सर्वांनी आपापल्या जबाबदारीवर फोन अद्ययावत ठेवावेत, अन्यथा होणाऱ्या गैरसोयीस कार्यालय जबाबदार राहणार नाही. पगारातून नवा फोन घेणे हे या पत्राचे न लिहिलेले शेवटचे कलम. आणि कार्यालयानेच फोन दिला तर प्रश्न सुटतो असेही समजू नये. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना 2019 मध्ये सरकारने फोन दिले होते, 2 जीबी रॅमचे. पोषणाच्या नोंदींचे अ‍ॅप बदलले, वजनदार झाले. फोन तापू लागले, अडकू लागले, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी येऊ लागला. ऑगस्ट 2021 मध्ये त्यांनी ते फोन सरकारला परत केले. अद्ययावत होण्याचा भार यंत्राने आणि बाईने वाहायचा, हे त्यांना मान्य नव्हते. हा आपल्याकडचा फोन-व्यवस्थापनावरचा सर्वांत स्पष्ट अभिप्राय. तो कोणत्याही सल्लागाराच्या अहवालात सापडणार नाही.

उपाय अवघड नाही, म्हणूनच तो होत नाही. दहा फोन तपासणीला ठेवा, तारीख ठरवा, अपडेटला लागणारा वेळ कामाच्या तासांत धरा, आणि ज्यांच्या फोनची अपडेटे संपली त्यांना फोन द्या. व्यवस्थापन म्हणेल, खर्च कोणी करायचा? रास्त प्रश्न आहे. फोन स्टेशनरीत बसत नाही, प्रवासभत्त्यात बसत नाही, आणि ‘सुरक्षा’ या लेखाशीर्षाखालची रक्कम फाटकावरच्या वॉचमनच्या शिट्टीवर खर्च झाली आहे. चहापानाचे शीर्ष तेवढे मोकळे आहे. तिथे बिले पाहण्याची पद्धत नाही.