आखूड पंखांचा नाकतोडा ओळखा : सात सोप्या पायऱ्या

पक्ष्यांवर आणि फुलपाखरांवर आधीच भरपूर तज्ज्ञ बसलेले आहेत. नाकतोड्यांकडे मात्र अजून गर्दी नाही. गिरगाव ते दादर पट्ट्यात इतकी मोकळी जागा दुसरी उरलेली नाही, तेव्हा वेळ दवडू नका. पायऱ्या क्रमाने चढा आणि शंका काढू नका. शंका काढणाऱ्यांना तज्ज्ञ व्हायला फार उशीर होतो.

१. जागा गाठा. शिवाजी पार्कात गवत झिजून माती उघडी पडलेली असते, तिथे उकिडवे बसा. क्रोटोगोनस नावाचा चपटा, मातकट, खरबरीत पाठीचा नाकतोडा अशाच उघड्या जमिनीवर राहतो. तो हलेपर्यंत ढेकूळच वाटतो. ‘काका, काय हरवलं?’ असं कोणी विचारलंच तर ‘किल्ली’ म्हणा. खरं सांगितलंत तर लोक जमतील आणि नाकतोडा जाईल.

२. फोटो काढा, तोही उभ्याने आणि वरून. फोटोत नाकतोडा कमी आणि तुमची सावली जास्त आली पाहिजे. बाजूने फोटो काढणं धोक्याचं, का ते पुढच्या पायरीत कळेल.

३. पंख आखूड दिसले की जाहीर करा. नाकतोड्याची पिल्लं पाच-सहा वेळा कात टाकून मोठी होतात आणि तोवर सगळ्यांचेच पंख आखूड असतात, हा तपशील मनावर घेऊ नका. वाढत्या पिल्लाच्या पाठीवर पंखांची छोटी पानं दिसतात आणि त्यांत मागच्या पंखाचं पान पुढच्यावर चढलेलं असतं. प्रौढाचे पंख कितीही तोकडे असोत, पुढचा पंख वर आणि मागचा त्याखाली. बाजूने फोटो काढला असता तर हे दिसलं असतं, आणि तुमचा दुर्मीळ शोध शाळकरी पोर निघाला असता. वाईट वाटून घेऊ नका, म्हणून तर वरून काढायला सांगितलं.

४. नाव ठोका. भारतात क्रोटोगोनसच्या दोन जाती गाजलेल्या आहेत, ट्रॅकिप्टेरस आणि ऑक्सिप्टेरस. दोन्हींची नोंद १८३६ ची, ब्लँशार यांची. ढोबळमानाने पहिली उत्तरेकडची, दुसरी दक्षिण भारत आणि श्रीलंकेची. मुंबई मध्येच पडते, तेव्हा छापा-काटा करा. एकाच जातीत लांब आणि आखूड अशा दोन्ही पंखांचे नाकतोडे निघतात, त्यामुळे खात्री करायची तर नराचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. सभ्य माणसाने इतक्या खाजगीत शिरू नये. मोबाइलमधलं ॲप सांगेल ते नाव लावा.

५. स्थळ लिहा. गणपतीत लालबागला दुर्वांच्या जुडीतून हिरवा नाकतोडा उडाला? लिहा, ‘लालबाग, मूळ रहिवासी’. जुडी कुठल्या शेतातून आली हे विचारायला विक्रेत्याला तरी कुठे वेळ आहे? दादरच्या फुलबाजारात शनिवारी मारुतीसाठी रुईच्या माळा येतात. पानाच्या बेचक्यात हिरवट पिवळं, काळ्या ठिपक्यांचं पिल्लू दिसलं तर ते बहुधा रुईवरच्या रंगीत नाकतोड्याचं. चिमटीत धरलंत तर काही इंच लांब चिळकांडी मारतं. शर्टावरचा डाग हाच पुरावा, शर्ट धुऊ नका.

६. नकाशा रंगवा. शिवाजी पार्क, फाइव्ह गार्डन्स, राणीची बाग इथे दाट ठिपके येतील. परळला गिरणीच्या पत्र्याच्या कुंपणापलीकडे एकही नाही, कारण वॉचमनने आत सोडलं नाही. निष्कर्ष लिहा : ‘ही जात परळमध्ये आढळत नाही.’ सगळ्या नोंदी रविवारी सकाळच्या निघतील, म्हणजे ती रविवारीच बाहेर पडते हेही सिद्ध झालं. दख्खनच्या ज्वारीवरचा बिनपंखी कोलेमानिया १९१० पासून शास्त्राला माहीत आहे. एखादा ठिपका त्याच्याही नावे मुंबईत टाका. २०२० च्या मे महिन्यात टोळधाड विदर्भात उतरली, आणि इथे मोबाइलवर ती मुंबईत केव्हाच पोचली होती. तुम्ही काही जगावेगळं करत नाही.

७. संग्रहालय टाळा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून आहे आणि तिचं हॉर्नबिल हाउस गिरगावाहून टॅक्सीच्या अंतरावर. टाचणीला टोचलेल्या किड्याखाली तिथे चिठ्ठी असते : कुठे, कधी, कोणी पकडला. अशी चिठ्ठी एकदा वाचली की आपला नकाशा लोकांना दाखवायची लाज वाटू लागते.

एवढं करूनही एखाद्याला तज्ज्ञ व्हायचं नसेल आणि नुसता नाकतोडाच ओळखायचा असेल, तर त्याच्यासाठी वेगळा कोर्स नाही. जमिनीलगत वाकून बाजूने फोटो काढा. तारीख, नेमकी जागा आणि खालची माती किंवा झाड लिहा. जिथे शोधूनही सापडला नाही तीही जागा लिहा, आणि जिथे शिरताच आलं नाही ती वेगळी लिहा. जात कळली नाही तर सरळ ‘नाकतोडा’ लिहून ठेवा. कोऱ्या जागेत नाव पुढे कोणीही भरू शकतं. चुकीचा ठिपका मात्र नकाशावरून पुसायला सहसा कोणी येत नाही.