मुखालफाभाऊ

कुवेतमधल्या रुमैथियाच्या एखाद्या गल्लीत अर्धवट व्हिला, मुका पडलेला मिक्सर आणि भिंतीच्या सावलीत पाय पसरलेले मजूर दिसले, की समजावं, मुखालफाभाऊ वाटेत आहेत. मुखालफा म्हणजे नियमभंग. भाऊंचं खरं आडनाव आता फक्त इकाम्यावर, म्हणजे निवास परवान्यावर उरलंय.

भाऊ चिपळूणचे. हुद्दा फोरमनचा, पण खातं नोटिसांचं. बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा इन्स्पेक्टर फाटकात दिसला की इंजिनिअरला तातडीचा फोन येतो, कंत्राटदार गाडीतच बसून राहतो आणि भाऊ प्लास्टिकची फाइल छातीशी धरून पुढे होतात. परवा गच्चीवर नकाशात नसलेली खोली उगवली होती. मालकाला ती पाहुण्यांसाठी हवी होती, कंत्राटदाराला बिलासाठी.

"हे काय?"

"पाण्याची टाकी, मुदीर."

"टाकीला खिडकी?"

"पाण्याला हवा लागते."

इन्स्पेक्टर हसला. हसत हसतच त्याने काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी भाऊच घण घेऊन वर चढले. "तरी मी सांगत होतो," असं प्रत्येक घावाला म्हणत होते. सांगितलं कोणाला, ते विचारायचं नसतं.

दोन बाबतींत मात्र भाऊ टाकीची गोष्ट सांगत नाहीत. 1 जून ते 31 ऑगस्ट, सकाळी 11 ते दुपारी 4, उघड्यावर काम बंद ठेवायचा नियम आहे. अकराला पाच कमी असतानाच ते "यल्ला, खलास!" ओरडतात, स्लॅब अर्धा राहिला तर राहिला. त्यांनी स्वतः उन्हात लोखंड बांधलंय. दुसरी बाब सिरदाबाची, म्हणजे तळघराची. 12 जून 2024 ला मंगफच्या कामगार-इमारतीला आग लागली, चाळीसहून अधिक भारतीय गेले. त्या आठवड्यात भाऊंनी साइटच्या सिरदाबातल्या गाद्या आणि सिलिंडर कोणी तपासायला यायच्या आधीच बाहेर काढले. कंत्राटदार "बुकरा, बुकरा" म्हणत उद्यावर ढकलत राहिला. भाऊंनी ऐकलं नाही.

अठरा वर्षांत भाऊ अरबी शिकले ते नोटिसा वाचूनच. 'मुखालफा', 'सिरदाब', 'रुखसा' (परवानगी) हे शब्द ते लांबून ओळखतात. शावर्माच्या दुकानात मात्र बोट दाखवून मागतात. परवा माझ्या बायकोने खोकल्याच्या औषधाची बाटली त्यांच्यापुढे धरली, "भाऊ, बघा ना, दिवसातून किती वेळा घ्यायचं?" भाऊंनी चष्मा चढवला, बाटली दोनदा फिरवून पाहिली.

"वहिनी, बिनधास्त घ्या. काम थांबवा असं कुठेही लिहिलेलं नाही."