व्हाइस सिटी, मार्गे डोंबिवली पूर्व

मराठी प्रवासवर्णनाचं पहिलं प्रकरण पासपोर्ट, व्हिसा आणि लोणच्याची बरणी यांत संपतं. माझ्या पिढीतल्या डोंबिवलीकराला यातलं काहीच लागलं नाही. आम्ही अमेरिकेला गेलो ते टिळकनगरच्या एका गल्लीतून, तासाला वीस रुपये मोजून आणि चपला बाहेर काढून. व्हिसा द्यायचा अधिकार सायबर कॅफेच्या दादाकडे होता. त्याच्या अटी दोनच. कीबोर्ड आपटायचा नाही, आणि कुणाचे आईबाबा दारात दिसले की स्क्रीनवर एक्सेल उघडायचं.

आमचं अमेरिकेतलं शहर म्हणजे व्हाइस सिटी. ग्रँड थेफ्ट ऑटो या रॉकस्टार कंपनीच्या मालिकेतला हा खेळ २००२ साली आला, काँप्युटरवर २००३ साली, आणि डोंबिवलीत त्यानंतर कधीतरी, मार्करने नाव लिहिलेल्या सीडीतून. शहर मायामीच्या धर्तीचं, साल १९८६. नायक टॉमी व्हर्सेटी पंधरा वर्षं तुरुंगात काढून नुकताच सुटलेला, अंगात फुलाफुलांचा निळा शर्ट. त्याला आवाज दिलाय रे लिओटा या हॉलिवूडच्या नटाने. आमच्यापर्यंत त्यातला निम्माच पोचला, कारण कॅफेतल्या हेडफोनचा एकच कान चालू असायचा आणि तो आतेभावाकडे असायचा. तासाचे पैसे अर्धे अर्धे, खुर्ची एक. तो गाडी चालवणार, मी बंदूक सांभाळणार.

टॉमी शहरात येतो तोच मुळी फसतो. बंदरावरच्या सौद्यात पैसे जातात, माल जातो, जीव तेवढा वाचतो, आणि एक घाबरट वकील त्याला गाडीत घालून पळवतो. मग मुक्काम समुद्रासमोरच्या ओशन व्ह्यू हॉटेलात. कुणी रजिस्टर पुढे करत नाही, डिपॉझिट मागत नाही, गरम पाणी सात ते नऊ असं बजावत नाही. आत एक कॅसेट हवेत तरंगत असते. तिच्यावर जाऊन उभं राहिलं की तोवरची सगळी कमाई सेव्ह होते. अर्थात तिथवर पोचेपर्यंत वीज राहिली तर. त्या काळात मुंबईला लोडशेडिंग नव्हतं आणि आम्हाला होतं, त्यामुळे अंडरवर्ल्डमध्ये आमचा खरा शत्रू कोण हे आम्ही पहिल्याच आठवड्यात ओळखलं. यूपीएस टुकटुकायला लागला की पाठीवरच्या पोलिसांकडे बघायलाही वेळ नसे. सगळ्या कॅफेतले टॉमी हातातला गुन्हा टाकून आपापल्या हॉटेलकडे सुसाट निघायचे.

घरांचा विषय मात्र सविस्तर सांगितला पाहिजे. व्हाइस सिटीत घर विकत घेता येतं. दारात हिरव्या घराचं चिन्ह गरगरत असतं, त्यात पाऊल ठेवायचं, कळ दाबायची, घर आपलं. ११०२ वॉशिंग्टन स्ट्रीट, ३००० डॉलर. स्कूमोल शॅक नावाचं खुराडं तर १००० डॉलरला. त्या वर्षी आमच्या घरी फ्लॅट बघणं चाललं होतं. जेवताना मी सहज हा भाव सांगितला. बाबांनी तोंडातला घास गिळून पंचेचाळीसने गुणलं.

“एक लाख पस्तीस हजार? समुद्र किती लांब?”

“चालत दोन मिनिटं.”

“कार्पेट की बिल्टअप?”

“आत जाता येत नाही. दारातच सेव्ह होतं.”

“म्हणजे पझेशन नाही. पाणी?”

“चारी बाजूंनी.”

“प्यायचं विचारतोय. आणि हे महापालिकेच्या हद्दीत येतं का सत्तावीस गावांत?”

ही सत्तावीस गावं २००२ साली कल्याण-डोंबिवली महापालिकेतून वगळली, २०१५ साली परत घेतली. मधल्या काळात तिथे घर घेणाऱ्याने नळाला पाणी कुणाकडे मागायचं, यावर आमच्या जिन्यात भांडणं झालेली आहेत. त्यामुळे बाबांचा प्रश्न रास्त होता. मला उत्तर देता आलं नाही तेव्हा त्यांनी ताट सरकवलं आणि म्हणाले, “घाई करू नकोस. आधी ओसी बघ.” पुढे टॉमीने स्टारफिश बेटावरचा अख्खा बंगला मालकाला गोळ्या घालून ताब्यात घेतला. ते मी घरी सांगितलं नाही. त्यात तर कागदच नव्हते.

या खेळांमुळे मुलं गुंड होतात, असं तेव्हा पेपरातून फार छापून येई. डोंबिवलीची मुलं त्या शहरात काय करत होती हे बघायला त्यातलं कुणी आलं नाही. ती सिग्नलला थांबत होती. अगदी खरं सांगतो. चोरलेल्या गाडीत, मागच्या सीटवर बंदूक, आणि लाल दिवा दिसला की आतेभाऊ ब्रेक मारायचा. टॅक्सीत बसून एक कळ दाबली की तिथे टॅक्सीचा धंदा करता येतो. गिऱ्हाईक हात दाखवतं, एकटंच बसतं, ठिकाण सांगतं, सुट्ट्या पैशांवरून वाद घालत नाही. आतेभावाला याचं वेड लागलं. शेजारच्या काँप्युटरवर ‘पँझर’ टाइप करून रणगाडा मागवलेला मुलगा समुद्रकिनारा उद्ध्वस्त करत असायचा आणि आमची टॅक्सी हॉटेल ते मॉल अशी भाडी मारत असायची. “यांना एका सीटवर परवडतं कसं?” हा त्याला छळणारा एकमेव नैतिक प्रश्न. इंदिरा चौकातल्या रिक्षात तीन मागे आणि चौथा ड्रायव्हरच्या मांडीशी, असं बसून वाढलेल्या मुलाला एकट्या प्रवाशाची टॅक्सी हीच मोठी गुन्हेगारी वाटत होती. टॅक्सीचा कंटाळा आला की तो अँब्युलन्स चालवायचा. आत्याने “तिकडे नक्की काय करतोस रे?” असं विचारल्यावर त्याने हेच सांगितलं आणि तिने देवापुढे साखर ठेवली.

माझं मत विचाराल तर त्या शहरात आम्हाला ओढून नेलं ते रस्त्यांनी. बंदुका, पैसा, बंगले हे आपलं बरोबर आलं. खड्डा नाही, पेव्हर ब्लॉक नाही, खोदून ठेवलेली केबल नाही, मंडपाचा बांबू नाही. स्टेशनरोडवर सायकल हातात धरून चालवणाऱ्या मुलाला कुणी म्हटलं की हा बघ समुद्राकाठचा चौपदरी रस्ता, रात्रीचे दोन वाजलेत, रेडिओ चालू आहे आणि पुढे कुणी नाही, तर तो चोरी करायला तयार होईल. गाडीची चोरी ही त्या रस्त्यासाठी भरलेली फी होती.

एकाच बाबतीत ते शहर अगदी घरचं वाटलं, पूल बंद असण्याच्या बाबतीत. सुरुवातीला वादळाचा इशारा आहे म्हणून पलीकडच्या बेटावर जाऊ देत नाहीत. मग टॉमी हेलिकॉप्टरमधून एका हवेलीवर बेछूट गोळीबार करतो आणि हवामान निवळून पूल खुले होतात. दोहोंचा संबंध काय, हे आम्ही विचारलं नाही. कल्याणचा पत्री पूल बंद झाला तेव्हा मात्र हे फार आठवायचं. १९१४ सालचा हा पूल ऑगस्ट २०१८ मध्ये धोकादायक म्हणून बंद केला, नोव्हेंबरात पाडला. नव्या पुलाचा गर्डर २०२० च्या नोव्हेंबरात मेगाब्लॉक घेऊन सरकवला आणि गाड्या धावल्या जानेवारी २०२१ मध्ये. दरम्यान डोंबिवलीचा कोपर पूलही २०१९ साली बंद होऊन २०२१ साली उघडला. या सगळ्या काळात नेमकं कोणतं मिशन पुरं करायचं राहिलं होतं, ते आम्हाला कुणीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हेलिकॉप्टरसाठी वर्गणी निघाली असती.

आमच्या दुसऱ्या परदेशवारीचं गाव सॅन अँड्रियास. हा खेळ काँप्युटरवर २००५ साली आला. टॉमीला पोहता येत नव्हतं, पाण्यात पडला की मेला. इथला सीजे पोहतो, जिमला जातो, जास्त खाल्लं तर जाड होतो. पण खरी मौज म्हणजे इथे रेल्वे आहे. ‘राँग साइड ऑफ द ट्रॅक्स’ हे मिशन जगभर बदनाम आहे. धावत्या गाडीच्या टपावर वैरी टोळीचे चौघे उभे, सीजे मोटरसायकलवरून रुळांच्या कडेने पाठलाग करतो आणि मागे बसलेला बिग स्मोक नावाचा वजनदार मित्र नेम चुकवत राहतो. शेवटी गाडी निसटली की बोल लावतो तो चालवणाऱ्यालाच. जगभरची पोरं या ठिकाणी रडकुंडीला आली म्हणतात. डोंबिवलीत त्याचं विशेष कुणाला वाटलं नाही. गाडीमागे धावणं, टपावरची माणसं आणि मागच्या सीटवरून येणाऱ्या सूचना या तिन्हींची आम्हाला घरून तालीम होती.

त्याच जगात ब्राउन स्ट्रीक नावाची प्रवासी गाडी आहे. आतेभावाने एकदा सीजेला तिच्यात चढवलं. ड्रायव्हर व्हायची सोय होती, तो प्रवासी झाला. गाडीत दुसरं कुणीच नव्हतं. दारात लोंबकळणारा नाही, “उतरणार का?” नाही, चौथी सीट मागणारा नाही. गाडी लॉस सँटोसहून निघाली, डोंगर आले, वाळवंट आलं, जुगारी अड्ड्यांचे दिवे आले. मी मिशनची आठवण करून दिली. आतेभाऊ माउसवरचा हात काढून मागे रेलला होता. “राहू दे मिशन,” तो म्हणाला. “जागा मिळालीये.” त्या जगात एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद, म्हणजे चोवीस मिनिटांत दिवस उलटतो. डोंबिवली ते सीएसटी स्लो लोकलचा सव्वा तास त्या हिशोबाने तीन दिवसांच्या वर जातो. आमच्या वडिलांच्या चेहऱ्यावर संध्याकाळी जो भाव असायचा, त्याचा उलगडा मला त्या गुणाकाराने झाला.

पाचवा भाग २०१३ साली आला तेव्हा मी नोकरीला लागलो होतो आणि खेळ घरात, टीव्हीवर आला होता. त्यातला मायकल हा बँका लुटून निवृत्त झालेला गृहस्थ योगासनं करतो, हे आईने बघितलं. “पाठ ताठ ठेव म्हणावं त्याला,” एवढं बोलून ती थांबली, मग खुर्ची ओढून बसली. मायकलने त्याआधी ज्वेलरचं दुकान लुटलं होतं त्यालाही तिने हरकत घेतली नाही. सकाळचा व्यायाम करणाऱ्या माणसाबद्दल तिचं मत लवकर बदलत नाही.

हल्ली हा प्रवास मी भाचीच्या मागे बसून करतो. ती आठवीत आहे आणि तो ‘ड्रायव्हिंगचा गेम’ आहे असं माझ्या बहिणीला सांगण्यात आलेलं आहे. परवाच्या रविवारी मात्र ती माझ्या मागे बसली, खऱ्या स्कूटरवर. नौपाड्यात एकजण जुना कंट्रोलर विकत होता, तो आणायचा होता, आणि रविवार असल्याने रेल्वेचा मेगाब्लॉक होता. शिळफाट्याने जायचं तर डबा बरोबर न्यावा लागतो, म्हणून मोठागाव-माणकोली पुलाने निघालो.

पुलावर चढलो आणि खाडी दिसली. दोन्ही बाजूंना कांदळवन, वर आभाळ, पुढे रस्ता, रस्त्यावर कुणी नाही. मी स्कूटर पंचावन्नपर्यंत नेली. भाचीने मागून रेडिओ सुरू केला, म्हणजे स्वतः गाऊ लागली. “मामा, ग्राफिक्स भारी आहेत!” पूल संपला, माणकोलीला नाशिक महामार्ग लागला आणि भिवंडीच्या गोदामांचे कंटेनर दोन्ही अंगांनी बुलंद किल्ल्याच्या भिंतींसारखे उभे राहिले. ग्राफिक्स थांबले.

“आता?”

“आता लोडिंग,” मी म्हणालो.

लोडिंग साकेतपर्यंत चाललं. वेळ घालवायला तिने मला ‘मुंबई गलीज’ची बातमी दिली. मुंबईवरचाच असा हिंडाफिरायचा गेम आपल्याकडे बनतो आहे म्हणे. मी विचारलं, त्यात डोंबिवली आहे का. तिने थोडा विचार केला. “मॅप कुठेतरी संपवावाच लागतो ना, मामा.” मुलुंडच्या नाक्याला संपणार, यावर आमचं एकमत झालं. माजिवडा, कॅडबरी, नितीन कंपनी असं एकेक सिग्नल पार करत तीन हात नाक्याला आलो तेव्हा तिची पाठ अवघडली होती आणि माझी कधीचीच गेली होती.

तिथे लाल दिव्याला आम्ही उभे असताना एक बाइकवाला डावीकडून घुसला, सिग्नल तोडला. हवालदाराने शिट्टी मारली. बाइक वळणावर दिसेनाशी झाली. खेळात अशा वेळी वरच्या कोपऱ्यात एक स्टार चमकतो. गल्लीबोळात थोडा वेळ दडून राहिलं किंवा गॅरेजात शिरून गाडीचा रंग बदलला की पोलीस विसरतात आणि स्टार विझतो. भाचीला हे सगळं पाठ.

“मामा,” ती ओरडली, “दोन मिनिटं लपला की सुटला तो!”

मी मागे बघितलं. हवालदारानेही बघितलं, कारण ठाण्यात आम्ही दोघेही मामा. तो शांतपणे आपल्या हातातल्या मोबाइलवर मागची नंबरप्लेट झूम करत होता.

“लपू दे की बाळा,” तो म्हणाला. “चलान घरी जातं.”