कन्हेरीच्या मारुतीरायास, एका बिनलग्नाच्या इंजिनिअरकडून

मारुतीराया,

तुझ्यापुढे गाऱ्हाणी मांडणारे मोठमोठे लोक आहेत. त्यात माझं हे एक किरकोळ.

परवाच्या रविवारी मुलीकडची मंडळी घर बघायला आली. मुलगीही आली होती, हल्ली येतात. मुलीचे मामा आमच्या उसात हिंडले, ठिबक पाहिलं, पोह्यांची दुसरी बशी संपवली आणि हात पुसत म्हणाले, "सगळं छान आहे हो. पण पुण्यात फ्लॅट आहे का?"

मी म्हटलं, पुण्यात चार वर्षं होतो, हिंजवडीत. सोडून आलो. आता ठिबकाचं ऑटोमेशन करतो, शेतकरी घरात बसून मोबाइलवरून पाणी सोडतो. मामा म्हणाले, "म्हणजे मोटारी चालू-बंद करता."

हो मामा. मोटारी चालू-बंद करतो. हिंजवडीत दुसऱ्यांच्या चुका शोधायचो आणि वाकडच्या चौकात दीड तास क्लच दाबून बसायचो, तेव्हा मात्र मी 'आयटीत' होतो!

राया, हाच हिशोब तुला लावून बघ. तुझं पॅकेज काय? शनिवारचं तेल, रुईची माळ आणि निवडणूक आली की प्रचाराचा नारळ. 2024 ला तर एकाच घराण्यातल्या दोन्ही बाजू तुझ्यापुढे नारळ घेऊन उभ्या राहिल्या. तरी शिफ्ट व्हायचं तुझ्या मनात आलं नाही. तुझी भावकी बघ. जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पत्र्या मारुती, सगळ्यांनी पुण्यात भर पेठेत जागा धरली. तू राहिलास बारामतीजवळच्या कन्हेरीत. ब्रह्मचारी आहेस म्हणून सुटलास, नाहीतर तुलाही मामांनी विचारलंच असतं.

एखाद्या ओसाड गावचा असतो तर मुकाट बसलो असतो. पण ही बारामती आहे. इथे पियाजिओच्या तीनचाकी बनतात, फेरेरोची चॉकलेटं बनतात, भारत फोर्जचा कारखाना आहे. विद्या प्रतिष्ठान 1972 चं, सरकारी मेडिकल कॉलेज 2019 चं. 2 मार्च 2024 ला इथे महारोजगार मेळावा भरला, त्याला अख्खं मंत्रिमंडळ आल्यासारखं वाटत होतं. 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी आमच्या उसाच्या शेतीतल्या एआयचं जगासमोर कौतुक केलं. ऊस हुशार झाला, राया. उसाच्या मालकाला मुलगी मिळेना. सोलापुरात डिसेंबर 2022 मध्ये याच गाऱ्हाण्यासाठी पोरं बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली, तेव्हा आम्ही हसलो होतो. आता घोड्याचं भाडं विचारून ठेवलंय.



मामांवर मी चिडलोय, खरं आहे. पण निघताना ते पुन्हा एकटेच उसाच्या कडेला गेले. पायानं पाचट सारत उभे राहिले. मामा मूळचे इंदापूर तालुक्यातले. रान वाट्यानं दिलंय, घराला कुलूप आहे, वाघोलीच्या फ्लॅटचे हप्ते अजून नऊ वर्षं आहेत. आईनं शेवग्याच्या शेंगा आणि पायलीभर ज्वारी दिली, तेव्हा माणूस एकदम गप्प झाला. पिशवी डिकीत न टाकता मांडीवर घेऊन बसला.

खरा घाव मामांचा नव्हताच. आम्हा दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं होतं. ती पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. सरळ विचारलं तिनं, "तुम्ही तुमच्या कामासाठी परत आलात. इथे माझं काम कुठे आहे?"

मी म्हणालो, "बघू काहीतरी."

खाली आत्या म्हणत होती, एखाद्या शाळेत लागेल की! आणि मला कळलं की मामांनी माझं काम जसं एका वाक्यात मोटारीत गुंडाळलं, तसंच मी तिचं 'काहीतरी'त गुंडाळलं होतं. एवढे कारखाने आले, एवढे मेळावे झाले, सगळ्यांनी पोरांच्या नोकऱ्या मोजल्या. नवऱ्याला काम मिळालं की बायको मागून येईल, तव्यावर भाकरी आपोआप फुगेल, हे धरूनच चाललेत सगळे. मीही. पोरी शिकल्या, कमावत्या झाल्या, आणि आमची गावं अजून एका माणसाच्या पगारावर बेतलेली!

तू समुद्र ओलांडून गेलास आणि काम उरकून परत आलास. जाऊन परत येणाऱ्यांचं मूळ दैवत तूच. एका मुळीसाठी तू अख्खा द्रोणागिरी उचलून आणलास. आम्हाला डोंगर नको. एका घरात दोन नोकऱ्या मिळतील एवढं काहीतरी आण.

काल तिचा मेसेज आला. तिच्या कंपनीत आठवड्यातले तीन दिवस घरून काम चालतं, पण नेट एकदाही तुटता कामा नये. कन्हेरीत रेंज कशी आहे, असं विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही. शनिवारी तेल घालायला येतो तेव्हा फोन तुझ्याच पारावर ठेवून मोजून बघणार आहे.

तुझ्याच वेशीतला,
मोटारी चालू-बंद करणारा