सातवं राष्ट्रीय उद्यान, प्रवेश मोफत

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा, असं स्पर्धा परीक्षेची पुस्तकं सांगतात. ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, बोरिवलीचं संजय गांधी आणि चांदोली. पुस्तकं जुनी झाली. सातवं उद्यान जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत केव्हाच सुरू झालंय, फक्त अधिसूचना निघायची राहिलीय. त्याला गेट नाही, तिकीट नाही, मंगळवारची सुट्टी नाही. प्राणी दिसण्याची खात्री मात्र अशी, की ताडोबाच्या साहेबांनी इथं येऊन प्रशिक्षण घ्यावं.

ताडोबाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९५५ चा, म्हणजे अनुभव दांडगा. तिथं वाघ बघायचा तर पुण्याचा माणूस काही महिने आधी ऑनलाइन बुकिंग करतो, नागपूर गाठतो, भर थंडीत पहाटे जिप्सीत कुडकुडत बसतो, मोबाईल गेटवर जमा करतो. गाईड ओठांवर बोट ठेवून 'कॉल आला' म्हणतो. चार तासांनी सांबर, चितळ, वानरं आणि समोरच्या जिप्सीतल्या मंडळींचे उतरलेले चेहरे बघून तो परत येतो. आमच्याकडचा माणूस दुधाची किटली घेऊन डेअरीवर निघतो आणि गाडीच्या उजेडात त्याला बांधावर बसलेला बिबट्या दिसतो. मोबाईल खिशात असतो, पण व्हिडिओ काढण्याची बुद्धी त्या वेळी कुणाला होत नाही.

शनिवार-रविवारी इकडे कृषी पर्यटनाला येणाऱ्या मंडळींना याचं फार अप्रूप. हुरडा झाला, चुलीवरची भाकरी झाली, बैलगाडीतून फेरी झाली, की ती मुद्द्यावर येतात.

"मावशी, इथं लेपर्ड दिसतो का हो?"

"वाघ व्हय? दिसतोय की. परवा गोठ्याम्होरं बसला व्हता."

"आज कितीला येईल?"

"ते लाईट कवा येती त्यावर हाये."

पाहुण्यांना हा विनोद वाटतो. मावशीनं वेळापत्रक सांगितलेलं असतं. शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीनं येते, कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीची पाळी आली की मावशीचा मुलगा रात्री उसाला दारं धरायला जातो. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि वाफ्यात वाकून उभा. वाकलेला माणूस बिबट्याला आपल्या भक्ष्याएवढाच दिसतो, हे वनखात्याच्या सूचनाफलकावर आहे. रात्री एकट्यानं शेतात जाऊ नका, हेही त्याच फलकावर आहे. लाईट दिवसा कधी येणार, हे मात्र त्या फलकावर नाही, कारण तो विषय दुसऱ्या खात्याचा.

हे उद्यान वसलं कसं, त्याचाही इतिहास आहे आणि त्यात बिबट्याचा वाटा सगळ्यात कमी. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे अशी पाच धरणं झाली. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते गावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं. कागदपत्रांत तालुका आंबेगावच राहिला, कचेरी घोडेगावात बसते. वरच्या अंगाच्या आदिवासींची जमीन बुडाली आणि पाणी कालव्यानं खाली गेलं. खाली ऊस उभा राहिला, त्यामागोमाग साखर कारखाने आले. ऊस वर्ष-दीड वर्ष रानात उभा असतो. आत गारवा, बाहेर पाट, आसपास कुत्री, डुकरं, शेळ्या. बिबटीण तिथं वीत गेली, पिल्लं तिथंच मोठी झाली, त्यांनाही तिथंच पिल्लं झाली. आजच्या बिबट्यानं जंगल पाहिलेलं नाही. त्याला 'तुझ्या मूळ अधिवासात परत जा' म्हणणं म्हणजे कोथरूडमध्ये जन्मलेल्या माणसाला पणजोबाच्या गावी नांगर धरायला धाडणं.

तरी ते करून पाहिलं गेलं. २००१ पासून दोन-तीन वर्षं या भागातले बिबटे पिंजऱ्यात धरून लांबच्या जंगलांत नेऊन सोडण्याचा सपाटा लावला होता. सरकारी गाडी, सरकारी डिझेल, सोबत कर्मचारी. शासकीय खर्चानं पर्यटन घडलेला पहिला जुन्नरकर हा असा बिबट्या. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला, तेव्हा कळलं, की ही मोहीम सुरू होण्याआधी वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत होते, ते सतरावर गेले. घरदार सुटलेला, अनोळखी मुलखात टाकलेला प्राणी बिथरणारच. हा अभ्यास जगभरच्या तज्ज्ञांनी वाचला. गावात हल्ला झाला की पहिली मागणी आजही तीच असते, 'धरा आणि लांब सोडा'. हल्ल्यानं हादरलेल्या गावानं ती केली तर समजतं, पुढारी करतात तेव्हा मात्र नवल वाटतं.

२०१८ मध्ये जुन्नर हा राज्यातला पहिला पर्यटन तालुका जाहीर झाला. योग्यच झालं. शिवनेरी आहे, लेण्याद्री आणि ओझरचे गणपती आहेत, नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आणि जकातीचा दगडी रांजण आहे, खोडदला आकाशाकडे कान लावलेली महाकाय दुर्बीण आहे, आळ्याला ज्ञानेश्वरांनी वेद बोलायला लावलेल्या रेड्याची समाधी आहे. एवढं सगळं असताना पुढे याच जुन्नरसह आंबेगाव, खेड आणि शिरूर तालुक्यांतली २३३ गावं प्रशासनानं बिबट आपत्तिप्रवण क्षेत्र म्हणून घोषित केली. म्हणजे एका कागदावर 'या, बघा' आणि दुसऱ्या कागदावर 'सांभाळा'. दोन्ही कागद एकाच सरकारचे आणि दोन्ही खरे. पर्यटन खात्यानं जाहिरातीत ही दोन वाक्यं एकाखाली एक छापली, तर तिच्याइतकी प्रामाणिक जाहिरात दुसरी नसेल.

आता सफारीविषयी. ओतूरकडच्या आंबेगव्हाणला बिबट सफारी व्हावी, ही जुनी मागणी. २०२२ च्या सुमारास ती जुन्नरला की बारामतीला, यावरून पेटापेटी झाली. मोर्चे, निवेदनं, इशारे. ज्या प्राण्याला लांब घालवा म्हणून रास्ता रोको होतो, तोच बारामतीला जाणार म्हटल्यावर तालुक्याची अस्मिता खवळली. बिबट्यानं आमची शेळी नेली तर पंचनामा, बारामतीनं आमचा बिबट्या नेला तर आंदोलन! माझंही रक्त तेव्हा तापलं होतं, हे लपवत नाही. आपल्या शेळ्या खाऊन मोठा झालेला प्राणी दुसऱ्या तालुक्याला उत्पन्न मिळवून देणार, हे कुठल्या शेतकऱ्याला पटेल?

सफारीची कल्पना साधी आहे. मोठं कुंपण घालायचं, आत बिबटे सोडायचे आणि पर्यटकांना जाळीच्या गाडीतून फिरवायचं. माणूस जाळीत, बिबट्या मोकळा, आणि त्याचे पैसे. हीच योजना शेजारच्या शिरूर तालुक्यात सरकारी निधीवाचून सुरू झालेली आहे. पिंपरखेडच्या बाया रानात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागल्या. लोकांनी घरांना, ओट्यांना जाळ्या मारून घेतल्या. त्या परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये तीन आठवड्यांत तीन माणसं गेली, त्यांत दोन लेकरं. यावर विनोद होत नाही आणि करूही नये. लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग तासन्‌तास अडवून धरला. त्या वेळी गाडीत अडकलेल्या कुणाकुणाला पहिल्यांदाच कळलं असेल, की आपण ज्याचे फोटो काढायला येतो तो इथं काय करतो.

मग डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं. ताडोबा-पेंचच्या वाटेवरचं नागपूर, पण त्या हिवाळ्यात सगळ्यात जास्त फोटो निघाले ते बिबट्याचे. जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा वेश करून विधानभवनात आले होते. कॅमेरे धावले, मंडळी सेल्फीला सरसावली. शेतकऱ्याचं म्हणणं ऐकून घ्यायला कातडं बिबट्याचं पांघरावं लागतं, हे आमदारांनी ओळखलं म्हणायचं. त्याच सुमारास वनमंत्री गणेश नाईक यांनी हिशेब सांगितला. बिबट्याच्या हल्ल्यात चार माणसं गेली, की प्रत्येकी २५ लाखांप्रमाणे एक कोटीची भरपाई होते. त्यापेक्षा एक कोटीच्या शेळ्या जंगलात सोडलेल्या बऱ्या. गणित चोख आहे, पण पत्ता चुकलाय. बिबट्या जंगलात नाही, उसात आहे. आणि उसाकडेला शेळ्या पुरवण्याचं काम इथले शेतकरी आणि मेंढपाळ कितीतरी वर्षं करत आलेत, त्यांच्या अनुदानाची फाईल मात्र कुठल्याच टेबलावर नाही.

पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला, खरंखुरं अभयारण्यही आहे. भीमाशंकरचं, १९८५ चं, सुमारे १३१ चौरस किलोमीटर. राज्यप्राणी शेकरू तिथं झाडाच्या शेंड्यावरून वाकून खाली बघतो, तर खाली वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या आणि स्पीकर. त्या पट्ट्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांवर वाघबारस पाळतात. दिवाळीच्या तोंडावर वाघोबाला नैवेद्य दाखवायचा, गुराढोरांना सांभाळ म्हणायचं, वर्षभर तू तुझ्या वाटेनं, आम्ही आमच्या. या कराराला ना डीपीआर लागला, ना सल्लागार कंपनी. तो जंगलात चालला. खाली बागायतीत तो लागू होत नाही, कारण तिथं दोघांची वाट एकच आहे, पाटाच्या कडेची, आणि वेळही एकच, रात्रीची.

तरी कुणाला इथं यायचंच असेल तर जरूर यावं. रात्रीची पाळी असेल तेव्हा यावं, बॅटरी घरून आणावी, आणि मावशीच्या मुलाऐवजी एक रात्र दारं धरावीत. मचाण मिळणार नाही, फावडं मिळेल. सकाळी चहा आमच्याकडून. मग पुण्याला परत जाऊन, जिथं शब्द चालतो तिथं एवढंच सांगावं, की सफारीचं कुंपण सावकाश बांधा. आधी बिबट्याच्या मुलखातल्या प्रत्येक फीडरला दिवसाची लाईट द्या.