सुटसुटीतराव

प्रत्येक सोसायटीत एक सुटसुटीतराव असतात. बँकेत नाहीतर कुठल्याशा लेखा विभागात हयात गेलेली असते. मे महिन्यात बाकीची कुटुंबं रिक्षावाल्याशी हुज्जत घालत चौथी बॅग मांडीवर घेत असतात, तेव्हा हे पाठीला एकच पिशवी लावून फाटकाशी उभे असतात. "एवढंच?" असं कोणीतरी विचारावं म्हणून उभे असतात. कोणी विचारलंच नाही, तर बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतात.

आमच्या सुटसुटीतरावांकडे हुकाचा वजनकाटा आहे. देशातल्या विमानात हातातल्या बॅगेला साधारण सात किलोंची मर्यादा असते. यांची बॅग भरते ६ किलो ८०० ग्रॅम. उरलेले दोनशे ग्रॅम म्हणजे आकस्मिक निधी, त्याला हात लावायचा नाही. स्लीपरच्या डब्यात माणशी चाळीस किलो फुकट नेता येतं, हे त्यांना समाजाच्या ऱ्हासाचं मूळ वाटतं. "रेल्वेनं माणसं लाडावून ठेवली," म्हणतात.

कपड्यांचा हिशोब ठरलेला: एक शर्ट अंगात, एक दोरीवर, एक बॅगेत. तिन्ही राखाडी, म्हणजे कशावरही काहीही चालतं. त्यामुळे त्यांचे कन्याकुमारीचे आणि काश्मीरचे फोटो एकाच दिवशी काढल्यासारखे दिसतात. घडी घालायची नाही, सुरळी करायची. मोजे बुटात, चार्जरची वायर चष्म्याच्या जुन्या डबीत, औषधं लाल पाऊचमध्ये, कागदपत्रं निळ्यात. झाकणाच्या आतल्या बाजूला लॅमिनेट केलेली यादी. दिवे मालवलेल्या डब्यात, न चाचपडता, नेलकटर काढून दाखवण्याचा प्रयोग ते दर प्रवासात करतात. त्यासाठी आधी समोरच्या बर्थवरच्या माणसाला उठवावं लागतं, कारण प्रेक्षकाशिवाय प्रयोग कसला!

आता वहिनींची बॅग. तिचा उल्लेख घरात 'गोडाऊन' असा होतो. केदारनाथला, साडेतीन हजार मीटरच्या वर, सुटसुटीतरावांनी आपलं मुठीत मावणारं जाकीट बाहेर काढलं. मुठीत मावणारं जाकीट थंडीही मुठीएवढीच अडवतं. दहा मिनिटांत गोडाऊनमधून शाल निघाली, मग कानटोपी, मग इनो, मग राजगिऱ्याचे लाडू. ओल्या मोज्यांवर कोरडे मोजेसुद्धा तिथूनच निघाले, आणि ते त्यांच्याच मापाचे होते. याची नोंद त्यांच्या यादीत कुठेही नाही. ज्यांची हयात लेखा विभागात गेली, त्यांना खर्च दुसऱ्याच्या खात्यावर कसा टाकायचा हे शिकवावं लागत नाही.

मग मुलीच्या बाळंतपणासाठी वहिनी न्यू जर्सीला गेल्या. दोन महिन्यांनी हे एकटे निघाले. तिकिटावर तेवीस किलोंच्या दोन बॅगा होत्या, आणि सुटसुटीतराव सवयीप्रमाणे जिन्यात बोलून गेले, "मला त्यांचं काय करायचंय? मी आपला सात किलोंत."

शेचाळीस किलो मोकळे! बातमी लिफ्टपेक्षा लवकर वर पोचली. आपल्याकडे कोणाच्या बॅगेतली रिकामी जागा ही खासगी मालमत्ता नसते, ती गायरान असते. संध्याकाळपर्यंत मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ, डिंकाचे लाडू, दोन दिवाळी अंक, एक शाडूचा गणपती आणि भाच्याच्या मुंजीचं सोवळं येऊन पडलं. एडिसनच्या ओक ट्री रोडवर गोडा मसाला मिळतो, असं त्यांनी सांगून पाहिलं. "मिळत असेल, पण तो माझ्या हातचा नाही," असं उत्तर आलं. यावर कोणता वजनकाटा चालणार? शिवाय पहिला फोन खुद्द वहिनींचा होता, आणि त्यांची यादी दोन पानी होती.

पहिल्या मजल्यावरच्या आजी खोबऱ्याच्या वाट्या घेऊन आल्या, तेव्हा मात्र सुटसुटीतरावांना नियम सापडला. सुकं खोबरं तेलकट असल्यानं आपोआप तापून पेट घेऊ शकतं. धोकादायक मालाच्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीत त्याला १३६३ हा क्रमांकच आहे. आजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "साठ वर्षं माझ्या फडताळात आहे," त्या म्हणाल्या, "क्रमांक नव्हता, म्हणून पेटलं नसेल." खोबरं मागे राहिलं, त्या जागी आजींनी सव्वा किलो पोहे दिले.

पण शिस्त ती शिस्त. दोन रात्री जागून त्यांनी त्या परक्या संसाराच्या सुरळ्या केल्या. दिवाळी अंकांच्या मधे गणपती, गणपतीभोवती सोवळं. प्रत्येक पुडीवर चिठ्ठी: कोणाकडून, कोणाला, किती ग्रॅम. एक बॅग २२ किलो ९०० भरली, दुसरी २२ किलो ९५०. हे आकडे त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकले.

पुढचं त्यांनी फोनवर सांगितलं. नेवार्कला कस्टमच्या बाईंनी विचारलं, खाण्याचं काही आहे का. बाकीचे लोक अशा वेळी आढ्याकडे बघतात. सुटसुटीतरावांनी लॅमिनेट केलेली तीन पानी यादी इंग्रजीत पुढे केली. बाईंनी ती वाचली, 'कुळीथ'पाशी थोड्या अडखळल्या, दोन-चार पुड्या उघडून पाहिल्या, आणि शेचाळीस किलो सोडून दिले. मग त्यांची नजर पाठीवरच्या पिशवीवर गेली. ती टेबलावर आली. दोन राखाडी सुरळ्या उलगडल्या गेल्या, चष्म्याची डबी उघडली, मोजे बुटातून बाहेर आले.

"सहा महिने राहणार म्हणता," बाई म्हणाल्या, "आणि कपडे एवढेच? बाकीचं सामान कुठंय?"

सुटसुटीतराव क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बायकोच्या बॅगेत. ती दोन महिन्यांपूर्वीच घेऊन आलीय."