भाऊजींची चाकं

वऱ्हाडात ट्रकच्या चाकाचा थाट म्हणजे दिवाळीत मारलेला चंदेरी रंग आणि नटांना लाल टिकल्या. लोखंडी चाकाकडून याहून जास्त अपेक्षा कोणी ठेवत नाही. पण आमच्या अकोल्याच्या भाऊजींनी दहाचाकी गाडीला ॲल्युमिनियमची चाकं बसवली आणि घरातली चिंधी, ब्रश, बादली सगळं त्यांच्या सेवेत रुजू झालं.

हिशेब बिनतोड होता. एकेक चाक लोखंडापेक्षा दहा-पंधरा किलोंनी हलकं. दहांची बचत मिळून कापसाच्या एका गाठीला, म्हणजे १७० किलोंना, थोडीच कमी. "एक गाठ फुकट जाते ना, साळेबुवा!" भाऊजी म्हणाले. त्या फुकट गाठीचं भाडं पुढे पॉलिशच्या डब्यांत किती गेलं, हे ताईला विचारू नये.

ॲल्युमिनियम मुळात खानदानी धातू. १८८६ साली विजेच्या जोरावर तो स्वस्तात काढायची युक्ती सापडली. त्याआधी तिसरा नेपोलियन म्हणे खास पाहुण्यांनाच त्याचे काटेचमचे द्यायचा. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा चढतो. हा पापुद्रा धातूला जपतो, पण पुढे चाकाचं तेजही तोच मंद करतो. जहाल आम्ल त्याला चालत नाही, जहाल अल्कही नाही. आणि आमच्या अंगणात सगळे सल्लागार जहालच. शेजारच्या काकू म्हणाल्या, "धुन्याचा सोडा टाका, लख्ख निघते." सोड्यानं ॲल्युमिनियमचं पातेलं काळंठिक्कर पडतं, हे त्यांच्याच स्वयंपाकघरात सिद्ध झालं होतं. गॅरेजवाला पोरगा म्हणाला, "बॅटरीतलं पानी मारा ना भाऊ, मिनिटात काम!" भाऊजी हात पसरून चाकापुढे उभे राहिले.

शेवटी साधा साबण ठरला. चाक मात्र गार हवं, नाहीतर साबण जागीच वाळून डाग धरतो. मे महिन्यातल्या अकोल्यात गार चाक फक्त पहाटे मिळतं. पुढची अडचण पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात भाऊजींचं शेत, आणि गाडी धुवायची सोय तिथल्या बोअरवर. ते पाणी वाळलं की चाकावर पांढरे ठिपके, आणि त्यातलं क्लोराइड धातूला बारीक खड्डे पाडतं ते वेगळंच. म्हणून भाऊजींनी घरून कॅनमध्ये नळाचं गोड पाणी न्यायचं ठरवलं. ताईनं माठापुढे खुर्ची टाकली.

मग खरी घासाघाशी. आधी ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ८००, मग १५००, मग ड्रिलला कापडी बफ लावून कंपाउंड. चिंधी काळी होत जाते, हात काळे होतात, नाक काळं होतं. चाक तेवढं उजळतं. कापसाच्या मुलखात चिंध्यांना तोटा नाही, एवढंच समाधान.

दहाचाकी गाडीची बाहेरून सहाच चाकं दिसतात. मागची चार जोडीदाराच्या आड दडलेली. शहाणे लोक तिथं लोखंडीच ठेवतात. भाऊजींनी तीही ॲल्युमिनियमचीच घेतली होती, आणि आता ती खोलून घासायचा बेत होता.

"आतली चाकं कोन पाह्यते, भाऊजी?"

"मी पाह्यतो ना बे!"

यावर उत्तर नव्हतं. खोलली.

रस्त्यावर मात्र भाऊजींचा भरवसा होता. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते माना, एका पदराचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकलं आणि गिनीजमध्ये नोंद झाली. तो विक्रम खास आपल्या चाकांसाठीच केला, अशी भाऊजींची पक्की समजूत. पण जिनिंगचं आवार विक्रमाबाहेर आहे. पावसाळ्यात तिथली काळी माती चाकाला अशी बिलगते की आत ॲल्युमिनियम आहे की लोखंड, हे बिल दाखवूनच पटवावं लागतं.

खंडेनवमीला पुन्हा सगळं साग्रसंगीत झालं. झेंडूच्या माळा चढल्या, टायरखाली निंबू गेलं. ताईनं वाटीत हळद-चुन्याचं अस्सल कुंकू कालवलं आणि बोटानं पुढच्या चाकावर भलंमोठं स्वस्तिक रेखलं. टायरखाली आम्ल, चाकावर अल्क. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी नंबरप्लेट वाचू लागलो. ताईसमोर हे रसायनशास्त्र काढायची दोघांचीही छाती नव्हती.

बाहेरची सहाही चाकं सजल्यावर ताई वाटीत उरलेलं कुंकू बघत म्हणाली, "आतल्या चाकाईले बी लावतो मी. खोला बरं!"